शेवटचा असूनही पुढे, चौथा असूनही बाहेर: महिला आइस हॉकीची जागतिक स्पर्धा अशी का रचली आहे?

एप्रिल २०१९ मध्ये फिनलंडची राजधानी हेलसिंकीला लागून असलेल्या एस्पो या शहरात महिला आइस हॉकीची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. संघ दहा होते आणि पाच-पाच संघांचे दोन गट होते. साखळी सामने संपले तेव्हा अ गटाच्या तळाशी स्वित्झर्लंडचा संघ होता आणि तो उपांत्यपूर्व फेरीत गेला. ब गटात स्वीडनचा संघ चौथा आला. तो स्पर्धेतून तर बाहेर पडलाच, शिवाय पुढच्या स्पर्धेतली आपली जागाही गमावून बसला. हा तोच स्वीडन, ज्याने १९९० मधल्या पहिल्या स्पर्धेपासून एकही स्पर्धा चुकवली नव्हती आणि २००६ च्या तुरिन हिवाळी ऑलिंपिकमध्ये उपांत्य सामन्यात अमेरिकेला हरवून रौप्यपदक मिळवले होते. गटात शेवटचा आलेला संघ पुढे जातो आणि चौथा आलेला थेट खालच्या श्रेणीत ढकलला जातो, हे नव्या प्रेक्षकाला पटत नाही. नियम चुकीचा छापला असावा, अशीच शंका पहिल्यांदा येते.

नियम चुकीचा नाही. या स्पर्धेच्या रचनेत विचित्र वाटणारी जवळजवळ प्रत्येक गोष्ट एकाच अडचणीतून निघालेली आहे. कॅनडा आणि अमेरिका हे दोन देश या खेळात इतके पुढे आहेत की त्यांना आणि बाकीच्यांना एकाच मापाने मोजले तर स्पर्धाच उरत नाही. ही अडचण नीट समजली की नियमांचा अर्थ आपोआप लागतो.

त्याआधी खेळाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडे हॉकी म्हटले की मैदानी हॉकीच डोळ्यांसमोर येते. आइस हॉकी सुमारे ६० मीटर लांबीच्या बर्फाच्या रिंकवर खेळली जाते. प्रत्येक संघाच्या सहा जणी एका वेळी बर्फावर असतात, पाच स्केटर आणि एक गोलरक्षक. चेंडूऐवजी कडक रबराची काळी चकती असते, तिला पक म्हणतात. तिचा व्यास साडेसात सेंटिमीटरच्या थोडा वर आणि वजन १५६ ते १७० ग्रॅम, म्हणजे साधारण क्रिकेटच्या चेंडूइतके. सामन्याआधी ती गोठवून ठेवतात, म्हणजे ती उसळत नाही आणि बर्फावर सरळ सरकते. सामना वीस-वीस मिनिटांच्या तीन सत्रांचा असतो. पूर्ण वेगाने स्केटिंग करणे इतके दमवणारे असते की एक खेळाडू साधारण पाऊण मिनिट खेळून बाहेर येते आणि दुसरी आत जाते, आणि ही अदलाबदल खेळ न थांबवता, चालू सामन्यातच होते. नियम मोडणाऱ्या खेळाडूला सहसा दोन मिनिटे बाहेरच्या कठड्यात बसवतात आणि तेवढा वेळ तिचा संघ एकीने कमी पडतो. प्रतिपक्षाच्या या संधीला पॉवर प्ले म्हणतात. क्रिकेटमुळे हा शब्द आपल्याला परिचित असला तरी येथे त्याचा अर्थ अधिक कठोर आहे, कारण येथे एक माणूस खरोखरच कमी झालेला असतो.

पुरुषांच्या आणि महिलांच्या खेळात नियमांचा मोठा फरक एकच. पुरुष खेळाडू पक असलेल्या प्रतिस्पर्ध्याला खांद्याने धडक देऊन पाडू शकतो. महिलांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यात अशी धडक दिल्यास शिक्षा होते. पक मिळवण्यासाठी झोंबताना अंगाला अंग लागणे मान्य आहे, पण पक सोडून माणसावर जाणे मान्य नाही. १९९० च्या पहिल्या जागतिक स्पर्धेत मात्र धडकेला परवानगी होती. त्यानंतर ती काढून घेण्यात आली आणि त्यामागेही संघांमधील ताकदीची दरी हे एक कारण सांगितले जाते.

ती पहिली स्पर्धा मार्च १९९० मध्ये कॅनडातील ओटावा येथे झाली. आठ देश आले होते. यजमान कॅनडाच्या खेळाडूंनी देशाच्या नेहमीच्या लाल रंगाऐवजी गुलाबी आणि पांढरा गणवेश घातला. लोकांचे लक्ष वेधावे, म्हणून संयोजकांनी ही कल्पना काढली होती. आज ती कल्पना अनेकांना खटकते, आणि खटकणे साहजिक आहे, कारण पुरुषांच्या संघाला प्रेक्षक मिळवण्यासाठी असा गणवेश कोणी दिला नसता. परंतु शहरात तो रंग खरोखर चढला आणि अंतिम सामन्याला सुमारे नऊ हजार लोक आले. त्यात कॅनडा सुरुवातीला ०-२ असा मागे पडला होता. नंतर त्याने सामना ५-२ असा जिंकला. प्रतिस्पर्धी अमेरिका होता. अर्थात त्याच स्पर्धेच्या साखळीत कॅनडाने जपानला १८-० असे हरवले होते, हेही येथेच नोंदवले पाहिजे, कारण चांगला अंतिम सामना आणि एकतर्फी साखळी हे चित्र त्यानंतर वर्षानुवर्षे तसेच राहिले.

दरी म्हणजे नेमकी किती, हे एका घटनेवरून स्पष्ट होते. सप्टेंबर २००८ मध्ये लाटव्हियातील लिएपाया येथे व्हँकुव्हर ऑलिंपिकसाठी पात्रता सामने सुरू होते. तेथे स्लोव्हाकियाने बल्गेरियाला ८२-० असे हरवले. साठ मिनिटांत ८२ गोल, म्हणजे दर ४४ सेकंदांना सरासरी एक. गोल झाल्यावर पक मधल्या वर्तुळात आणायचा, पंचांनी तो दोन खेळाडूंमध्ये टाकायचा आणि पुन्हा खेळ सुरू करायचा, यातच जवळजवळ सगळा सामना गेला असेल. पुढे हाच स्लोव्हाकिया ऑलिंपिकसाठी पात्र ठरला आणि फेब्रुवारी २०१० मध्ये व्हँकुव्हरला कॅनडाने त्याला १८-० असे हरवले. बल्गेरियाच्या वर स्लोव्हाकिया इतका, आणि स्लोव्हाकियाच्या वर कॅनडा तितका. या दोन निकालांत महिला आइस हॉकीची त्या काळची सगळी उतरंड दिसते.

त्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेनेही चीनला १२-१ आणि रशियाला १३-० असे हरवले. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे तत्कालीन अध्यक्ष जाक रोग यांनी तेव्हा जाहीरपणे बजावले की, सुधारणा झाली नाही तर हे असेच चालू ठेवता येणार नाही. १९९८ मध्ये नागानो येथे ऑलिंपिकमध्ये आलेला हा खेळ बारा वर्षांतच बाहेर जाण्याची भीती निर्माण झाली. रोग यांचे म्हणणे ऐकून अनेक खेळाडू दुखावल्या आणि त्यांचे दुखावणे योग्यच होते. पुरुषांच्या आइस हॉकीच्या पहिल्या काही ऑलिंपिकमध्येही कॅनडाने असेच मोठे विजय मिळवले होते, तेव्हा कोणी त्या खेळाच्या अस्तित्वाचा प्रश्न काढला नव्हता. पण त्या इशाऱ्यामुळे आइस हॉकीचा आंतरराष्ट्रीय महासंघ हलला, हेही खरे.

महासंघाने काढलेला उपाय आपल्याकडच्या जत्रेतल्या कुस्त्यांच्या फडावरून चटकन समजतो. फडावर पंच जोड पाहून कुस्ती नेमतात. नवख्या पोराला नामांकित मल्लासमोर उभे करत नाहीत, कारण त्यात मल्लाला मान नाही, पोराला शिकणे नाही आणि पाहणाऱ्याला गंमत नाही. २०१२ पासून जागतिक स्पर्धेतही असेच जोड पाहून गट पाडले जाऊ लागले. पूर्वी बलाढ्य आणि दुबळे संघ सगळ्या गटांत सारखे विभागले जात. नव्या पद्धतीत वरच्या क्रमांकाचे सगळे संघ अ गटात आणि त्यांच्या खालचे ब गटात ठेवले गेले. २०१९ मध्ये संघांची संख्या आठवरून दहा झाली, तेव्हा अ गटात क्रमवारीतले पहिले पाच आणि ब गटात पुढचे पाच, अशी मांडणी झाली.

आता सुरुवातीचे कोडे सोडवता येते. अ गटातल्या पाच संघांना साखळीत एकमेकांशीच खेळायचे असते, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला कॅनडा आणि अमेरिका येतातच. त्यात दोन-तीन सामने हरणे हा कमकुवतपणाचा पुरावा मानला, तर वरच्या गटात असणे ही शिक्षा ठरेल. म्हणून अ गटातले पाचही संघ उपांत्यपूर्व फेरीत जातात. त्यांच्या साखळी सामन्यांमधून फक्त पुढे कोणाशी गाठ पडणार, एवढेच ठरते. ब गटातून पहिले तीन वर येतात. अ गटातले पहिले तीन संघ या तिघांशी खेळतात, आणि अ गटातला चौथा व पाचवा संघ एकमेकांशी. एस्पोमध्ये स्वित्झर्लंड पाचवा होता, म्हणून त्याची गाठ चौथ्या आलेल्या रशियाशी पडली. ब गटात उरलेल्या शेवटच्या दोन जागांवर घसरण असते आणि २०१९ मध्ये त्या जागा स्वीडन व फ्रान्स यांच्या वाट्याला आल्या. रणजी करंडकात एलिट आणि प्लेट असे गट पाहिलेल्या वाचकाला यात फार अनोळखी काही वाटणार नाही. फरक इतकाच की येथे दोन्ही स्तर एकाच गावात, एकाच आठवड्यात खेळतात आणि मध्येच एकमेकांत मिसळतात.

या मांडणीचा आणखी एक परिणाम असा की कॅनडा आणि अमेरिका साखळीतच एकदा भेटतात. २०१२ मध्ये अमेरिकेतील बर्लिंग्टन येथे पहिल्याच दिवशी ही लढत झाली आणि अमेरिकेने ती ९-२ अशी जिंकली. आठवड्याभराने अंतिम सामन्यात तेच दोन संघ समोर आले आणि कॅनडाने जादा वेळेत ५-४ असा विजय मिळवला. साखळीतला निकाल पाहून अंतिम सामन्याचा अंदाज बांधू नये, हे तेव्हापासून जाणकार सांगत आले आहेत.

गुणांची पद्धत सोपी आहे. साठ मिनिटांत विजय मिळाला तर तीन गुण. बरोबरी झाली तर जादा वेळ खेळवला जातो आणि त्यातही निकाल लागला नाही तर एकेक खेळाडू गोलरक्षकासमोर एकटी जाऊन प्रयत्न करते, त्याला शूटआउट म्हणतात. अशा रीतीने जिंकणाऱ्याला दोन गुण आणि हरणाऱ्याला एक गुण मिळतो. म्हणजे प्रत्येक सामन्यात तीनच गुण वाटले जातात, फक्त वाटणी बदलते.

ही रचना न्याय्य आहे का, यावर माझे मत असे की ती आवश्यक आहे, पण तिची किंमत ब गटाला मोजावी लागते. जो संघ ब गटात आहे, त्याला सर्वोत्तम संघांशी वर्षातून एखादाच सामना मिळतो आणि तोही बाद फेरीत, जेथे हरले की खेळ खलास. मोठ्या संघांशी खेळल्याशिवाय मोठे होता येत नाही, ही तक्रार म्हणूनच खोटी नाही. तरीही रचनेच्या बाजूने सर्वांत मोठा पुरावा चेकियाने दिला आहे. हा संघ २०१९, २०२१ आणि २०२२ या तिन्ही वेळा ब गटात होता. २०२२ मध्ये डेन्मार्कमध्ये त्याने उपांत्यपूर्व सामन्यात फिनलंडला हरवले आणि आपले पहिले पदक, कांस्य, मिळवले. पुढच्या वर्षी अ गटात खेळून पुन्हा कांस्य मिळवले. कॅनडाकडून दोन ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकलेल्या कार्ला मॅक्लाउड तेव्हा या संघाच्या प्रशिक्षक होत्या, हा योगायोग नाही. २०२५ मध्ये याच चेकियातील चेस्के बुद्येयोवित्से या शहरात स्पर्धा झाली आणि एकूण १ लाख २० हजारांहून अधिक प्रेक्षक आले. तो स्पर्धेच्या इतिहासातला विक्रम ठरला. कॅनडात नव्हे, जेमतेम एक लाख वस्तीच्या चेक शहरात.

दरी मुळात का आहे, याचे उत्तर बर्फावर शोधून सापडणार नाही. कॅनडा आणि अमेरिका या प्रत्येक देशात नोंदणीकृत महिला आणि मुली खेळाडूंची संख्या एक लाखाच्या घरात आहे, तर फिनलंडसारख्या देशात ती काही हजारांत मोजली जाते. अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलींशी भेदभाव करण्यास मनाई केली. त्यामुळे विद्यापीठांनी मुलींचे संघ उभे केले, शिष्यवृत्त्या दिल्या, आणि अठरा ते बावीस या वयात, जेव्हा इतर देशांतल्या मुली नोकरी शोधत खेळ सोडतात, तेव्हा तेथील मुली रोज सराव करू लागल्या. युरोपातल्या कित्येक चांगल्या खेळाडूही आता याच विद्यापीठांत शिकायला जातात.

तरीसुद्धा पैशाच्या बाबतीत सर्वोत्तम संघाचीही स्थिती काय होती, हे मार्च २०१७ मध्ये जगाला कळले. अमेरिकेच्या राष्ट्रीय संघातील खेळाडूंनी, स्वतःच्याच देशात होणाऱ्या जागतिक स्पर्धेवर बहिष्काराची घोषणा केली. त्यांचे म्हणणे असे की, चार वर्षांतून फक्त ऑलिंपिकच्या वेळचे सहा महिने, दरमहा हजार डॉलर मिळतात आणि बाकी काळ काहीच नाही. संघटनेने पर्यायी खेळाडू शोधायला सुरुवात केली, तेव्हा खालच्या स्तरांतील मुलींनीही एकामागून एक नकार कळवला. स्पर्धेला तीन दिवस उरले असताना करार झाला. मग त्या खेळल्या आणि अंतिम सामन्यात जादा वेळेत हिलरी नाइट हिच्या गोलवर कॅनडाला ३-२ असे हरवून सुवर्ण जिंकल्या. मला या खेळाच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा विजय वाटतो, आणि त्यातला मोठा भाग सामना सुरू होण्यापूर्वीच मिळवलेला होता. स्वीडनच्या खेळाडूंनीही एस्पोमधील घसरणीनंतर काही महिन्यांतच आपल्या संघटनेविरुद्ध असाच बहिष्कार पुकारला. उत्तर अमेरिकेत महिलांची सध्याची व्यावसायिक लीग जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाली, तेव्हा कुठे खेळावर पोट भरणे अनेकींना शक्य झाले.

वरच्या दहा संघांखाली श्रेणींची शिडी आहे. पहिली, दुसरी, तिसरी श्रेणी, प्रत्येकीत पुन्हा अ आणि ब गट, आणि दरवर्षी वर-खाली होणारी ये-जा. भारताचा महिला संघ अजून या शिडीवर नाही. तो आशिया खंडाच्या स्पर्धेत खेळतो. २०१६ मध्ये तैपेई येथे तो पहिल्यांदा उतरला, २०१७ मध्ये बँकॉकला त्याने पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला आणि २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतील अल ऐन येथे झालेल्या आशिया चषकात कांस्यपदक पटकावले. या संघातल्या बहुतेक मुली लडाखच्या आहेत. लेहच्या परिसरात तळी आणि मोकळी मैदाने हिवाळ्यात आपोआप गोठतात, त्यावर त्या शिकल्या. असा नैसर्गिक बर्फ वर्षातून दोन-अडीच महिनेच टिकतो; कॅनडातल्या मुलीला बंदिस्त रिंकमध्ये वर्षभर सराव मिळतो. हे अंतर लक्षात घेतले की त्या कांस्यपदकाचे वजन कळते.

आता पुन्हा एस्पोकडे. त्या स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात यजमान फिनलंडने कॅनडाला ४-२ असे हरवले. जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात कॅनडा नाही, असे त्याआधी कधीही झाले नव्हते. १४ एप्रिलला फिनलंड आणि अमेरिका समोरासमोर आले. फिनलंडची गोलरक्षक नोरा रॅटी एकामागून एक फटके अडवत होती; सामना संपेपर्यंत तिने अडवलेल्या फटक्यांची संख्या पन्नासच्या घरात गेली होती. साठ मिनिटांनंतर १-१ अशी बरोबरी झाली. जादा वेळेत जो आधी गोल करील तो विजेता. गोलसमोर फिनलंडची कर्णधार येन्नी हीरीकोस्की आणि अमेरिकेची गोलरक्षक अ‍ॅलेक्स रिग्सबी यांची टक्कर झाली, सुटलेला पक पेत्रा निएमिनेनने जाळ्यात मारला आणि फिनलंडच्या खेळाडूंनी स्टिक, हातमोजे, शिरस्त्राणे भिरकावून देत एकमेकींना मिठ्या मारल्या.

मग पंच व्हिडिओ पाहू लागले. गोलसमोर बर्फावर निळ्या रंगाचे अर्धवर्तुळ रंगवलेले असते. त्या भागात गोलरक्षकाला मोकळेपणी हालचाल करता आली पाहिजे, आणि आक्रमण करणाऱ्या खेळाडूने तिला अडवले तर गोल धरला जात नाही. तपासणी लांबत गेली. खेळाडू बर्फावर उभ्याच होत्या, काहींचे हातमोजे अजून विखुरलेले होते. शेवटी गोलरक्षकाला अडथळा झाला म्हणून गोल नाकारण्यात आला. खेळ पुन्हा सुरू झाला, शूटआउटपर्यंत गेला आणि अमेरिकेने २-१ असा सामना जिंकला. हा निर्णय नियमाच्या अक्षराला धरून होता की नाही, यावर जाणकारांमध्ये आजही मतभेद आहेत. रिग्सबी स्वतःच पुढे आली होती, असे एक बाजू म्हणते; हीरीकोस्कीने टक्कर टाळण्याचा प्रयत्न केला नाही, असे दुसरी.

आताच्या नियमांनुसार अंतिम सामना शूटआउटवर संपत नाही. प्रत्येक संघाच्या तिघी स्केटर आणि गोलरक्षक एवढ्यांनीच, गोल होईपर्यंत, वीस-वीस मिनिटांची सत्रे खेळत राहायची असते. २०२१ मध्ये कॅलगरीला कॅनडाच्या मारी-फिलिप पुलँ हिने असाच विजयी गोल केला. पक आडव्या दांडीला आतून लागून इतक्या वेगाने बाहेर आला की कोणाच्या लक्षातही आले नाही, खेळ काही क्षण चालूच राहिला आणि मग व्हिडिओ पाहणाऱ्यांनी भोंगा वाजवला. २०२४ आणि २०२५ चे अंतिम सामनेही जादा वेळेतच सुटले, एक कॅनडाच्या बाजूने, एक अमेरिकेच्या.

१९९० ते २०२५ या काळात झालेल्या २४ स्पर्धांपैकी कॅनडाने १३ आणि अमेरिकेने ११ जिंकल्या आहेत. अंतिम सामन्यात तिसरा देश दिसला तो फक्त एकदा, एस्पोमध्ये.